सरळमार्गी क्रियापद

मास्तर तासाभरात बोलला, तर पहिलवानाचं सोनं होणार होतं. मालक समुद्रापलीकडे नवी शाखा काढत होते. तिथे सगळा कारभार स्पॅनिशमध्ये. बाईसाहेबांचा पत्ता जो काढेल, तोच तिथला मुख्य, असा त्यांचा शब्द होता. राहायला बंगला, फिरायला गाडी, मारायला हाताखाली दुसरी माणसं. आजवर स्वतःच्या मुठी झिजवलेल्या माणसाला आणखी काय हवं?

मास्तर म्हणजे बाईसाहेबांचा स्पॅनिशचा शिकवणीवाला. मालक घरी नसताना यायचा, त्यामुळे त्यांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं. पहिलवानाची ये-जा तर बंदरापुरतीच; मालकांच्या घरचं माणूस त्याने कधी पाहिलं नव्हतं. सकाळी बाईसाहेब घरातून नाहीशा झाल्या. पहिलवान तडक मास्तराच्या खोलीवर गेला, तर स्वारी पुस्तक उघडून टेबलाशी बसलेली.

"मास्तर तूच?"

"मीच," तो म्हणाला आणि मुकाट्यानं गाडीत बसला.

आता तो बंदरामागच्या गॅरेजात खुर्चीला बांधलेला होता.

"बोल. बाई कुठे आहेत?"

"आब्लो."

पहिलवानाने पोटात ठोसा हाणला. "हे काय?"

"तूच म्हणालास, बोल. बोलणे म्हणजे आब्लार. मी बोलतो, आब्लो." मास्तर कसाबसा श्वास घेत म्हणाला, "पोटात नको गड्या. दम कोंडला तर शिकवू कसा? तोंडावर मार."

"हौस दांडगी दिसते!" पहिलवानाने हौस पुरवली. ओठ फाटला.

"आब्लास. तू बोलतोस."

पुढच्या ठोशाला नाकाचं हाड कडकन वाजलं.

"आब्ला. तो बोलतो."

पहिलवान थबकला. फुकटची शिकवणी कोण सोडतो? "म्हणजे धड तेच, नुसतं शेपूट बदलायचं?"

"हुशार आहेस. सरळमार्गी क्रियापद आहे, कुठे वाकडं जात नाही."

"आमच्या धंद्यात असलं पहिलंच!" पहिलवान हसला. मास्तरही हसला, तेव्हा त्याचा एक दात बाहेर पडला.

"बरं, 'बाई गेली' कसं म्हणायचं?"

"ते पुढच्या धड्यात."

मग पुन्हा तोंडावरच. डोळे सुजून मिटले, गाल कानापर्यंत फुगले. पहिलवानाच्या बोटांची सालं निघाली, पण पत्ता निघेना.

मालकांचा फोन आला. "मी बंदरावर एकेक जहाज बघतोय. बोलला का तो हरामखोर?"

"नाही, मालक."

"स्पीकरवर टाक."

मास्तराने फोनकडे मान वळवली. आता त्याच्या तोंडून मराठीचा एक शब्द निघेना. रक्त थुंकून तो एवढंच म्हणाला, "आब्लामोस."

"काय बरळतोय?"

पहिलवानाला राहवेना. विद्या दाखवायची वेळ हीच. मी, तू, तो झाले, म्हणजे आता आम्ही. "मालक, तो म्हणतोय, 'आम्ही बोलतो.'"

"आम्ही? तो आणि माझी बायको?" मालकांचा आवाज चिरकला. "थांब. मीच येतो. माणसांनाही घेऊन येतो. जहाजं गेली खड्ड्यात!"

फोन बंद झाला. मास्तराने सुटकेचा निःश्वास टाकला. पहिलवानाला वाटलं, घाबरला.

मालक आले ते कोपऱ्यातला जॅकचा दांडा उचलूनच. खुर्चीतल्या त्या सुजलेल्या गोळ्याकडे त्यांनी पाहिलं. त्यात बघण्यासारखा चेहरा उरलाच नव्हता.

"कुठे आहे ती?"

"आब्लाइस," मास्तर पुटपुटला.

पहिला दांडा खांद्यावर बसला.

"आब्लान."

दुसरा डोक्यावर. खुर्चीसकट तो आडवा झाला. फरशीवर रक्त पसरत पहिलवानाच्या बुटांपर्यंत आलं. आता बंगला गेला, गाडी गेली, असा विचार करत पहिलवान मागे सरला.

तेवढ्यात बंदरावरून भोंगा ऐकू आला. लांबलचक, जहाज सुटल्याचा.

जमिनीवरचा माणूस पहिल्यांदाच मालकांशी मराठीत बोलला.

"आई गेली, बाबा. तिच्या वाट्याचा मार आज मी खाल्ला."