खोटं पकडणारा रेडिओ

"लावतोस पैज? हा रेडिओ खोटारड्याला झटका देतो," इम्तियाज म्हणाला. "हरेल त्याने खाली किराण्याच्या बकाल्यासमोर कान धरून दहा उठाबशा!"

"लावली!" शेजारचा प्रसन्न म्हणाला. बँकेतला माणूस, असल्या गोष्टी त्याला कुठून पटायला!

शुक्रवारची दुपार. आखातातल्या रिग्गई भागात, इम्तियाजच्या हॉलमध्ये सगळी बिल्डिंग चहाला जमलेली. सगळ्यांच्या चपला दाराबाहेर. पायात रबरी स्लिपर एकट्या इम्तियाजच्या. टाच दुखते म्हणे. टेबलावरचा रेडिओ त्याने जुन्या बाजारातून उचललेला. दोन पायांची पिन टेबलामागच्या भिंतीत खोचलेली, आवाजाचं बटण तुटलेलं, तिथे नुसता लोखंडी दांडा. गाणं वाजत नव्हतं, दिवाही लागत नव्हता.

इम्तियाजने दांडा धरला. "मी आयुष्यात कुणाला फसवलं नाही."

काहीच झालं नाही. त्याची बायको जमिला फिस्सकन हसली. "घ्या! रेडिओपण याला सामील!"

मग प्रसन्नने दांड्याला बोट लावलं. "मी सुजाताशी कधी खोटं बोललो नाही. आई गं!" हात असा उडाला, की चहाचा कप थेट जमिनीवर.

"कधी बोललास? काय बोललास?" सुजाताने, त्याच्या बायकोने, तिथेच सुरुवात केली. हॉल हसून लोळायचा बाकी राहिला.

मिरजेहून लेकाकडे आलेल्या गोदूबाई, प्रसन्नची आई, ओलं फडकं घेऊन आल्या. टेबलाखाली वाकून त्यांनी चहा पुसला. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. प्रसन्न बिचारा उठाबशांसाठी दाराकडे निघालासुद्धा.

"थांब रे. माझंही खरं-खोटं होऊन जाऊ दे." गोदूबाईंनी ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून दांड्याकडे हात नेला.

इम्तियाजचं हसू उतरलं.

"आई, हात नको!" त्याने त्यांना दंडाला धरून मागे ओढलं. "खरं-खोटं कसलं घेऊन बसलात! याच्या लोखंडात करंट उतरतो. मी स्लिपर घालून होतो म्हणून वाचलो. तुमचे तर पाय ओले आहेत!"

दारातूनच प्रसन्न ओरडला, "म्हणजे हरलास, भाई! चल खाली!"

बकालेवाल्याने गोदूबाईंसाठी खुर्ची बाहेर आणली. बिल्डिंगचा हारिस, म्हणजे वॉचमन, मोबाईल काढून उभा राहिला. इम्तियाजने कान धरले. गोदूबाई मोजू लागल्या.

"चार. त्यातला गळका कंडेन्सर बदल. पाच. अर्थिंगची तार जोड, मगच लाव. सहा."

"तुम्हाला हे कसं माहीत?"

"माझ्या नवऱ्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. सात."

इम्तियाजला धाप लागली. "आई, तुमचा जीव वाचवला, आणि उठाबशा मलाच?"

"भिंतीवरचं बटण मी चहा पुसतानाच बंद केलं होतं, बाबा," गोदूबाई म्हणाल्या. "गप्प बसला असतास तर जिंकला असतास. आठ!"