ताकातला डोस

"हे पाहा काकू," म्हणत डॉ. तांबोळींनी संगणकाचा पडदा कुमुदिनीबाईंकडे वळवला. रघुनाथरावांच्या गाठीतल्या एका पेशीत बारीक बारीक कड्या तरंगत होत्या. "गुणसूत्राचा तुटलेला तुकडा जागेवर बसलाच नाही. त्याची दोन टोकं एकमेकांना चिकटली आणि कडी झाली. नेमकं पेशी वाढवणारं जनुक तिच्यात अडकलंय. पेशी विभागली की कड्या वाढतात, आणि कड्या वाढल्या की गाठ फोफावते."

बाईंनी पुढे वाकून त्या कड्या पाहिल्या.

"गुणसूत्रांच्या दुरुस्तीचा वार्षिक डोस ज्याच्या त्याच्या गुणसूत्रांच्या नकाशावरून बनवतात. यांना दुसऱ्या कुणाचा दिला होता का?"

बाईंची नजर पलंगावरच्या नवऱ्याकडे गेली. दिवाळीनंतर रघुनाथराव फार थकल्यासारखे दिसत होते. आपल्या वाटणीचा लाडू नवऱ्याच्या ताटात सरकवावा, तशी बाईंनी आपल्या डोसाची कुपीही त्यांच्या ताकात ओतली होती. आपलं काय, निभावतं कसंही.

"मीच घेतला," पलंगावरून रघुनाथराव म्हणाले. "हिची कुपी होती. हिला न विचारता घेतली."

डॉक्टर काहीतरी टिपून बाहेर गेले. बाईंना मान वर करवेना.

"अहो, खोटं कशाला बोललात?"

"त्या दिवशी ताक कडू लागलं, तेव्हाच कळलं होतं मला," ते म्हणाले. "तू दारात उभी राहून बघत होतीस. पेला खाली ठेववेना मला."