कल्हईला नेलेलं पानदान

कल्हई करून आणतो म्हणून पुतण्या अफताबनं नेलेलं पानदान शमशादला परत हवं होतं. "आज मागतेच," असं ती कडेगावपासून पाचगणीच्या घाटापर्यंत गाडी चालवणाऱ्या लेकीला, नौशीनला, ऐकवत आली.

अफताबच्या बंगल्यात जुन्या वस्तू बघायला पाहुणे जमले होते. काचेच्या कपाटातलं पानदान दाखवत तो सांगत होता, "हे एका बेगमसाहेबांचं. मोठ्या दिमाखदार बाई होत्या." मागे उभ्या असलेल्या शमशादनं पदर सावरला आणि चहा पिऊन ती पानदान न मागताच निघाली.

गाडीत बसताच नौशीन उखडली, "अम्मी, तोंड शिवलं हुतं व्हय? का न्हाई मागितलंस?"

 

"कसं मागू गं? जलमभर दारोदार बांगड्या भरल्या. आज पयल्यांदा कुणीतरी मला बेगम म्हनलं."