नकाराची नोंद

बायकोच्या मागे राहिलेली चाकांची खुर्ची दवाखान्याला देऊन टाकायला तो आला होता. डॉक्टरीणबाईंनी तिची जुनी फाइल चाळली.

"काका, स्तनांच्या तपासणीला तीनदा बोलावलं होतं. तिन्ही वेळा 'रुग्णाचा नकार' असं लिहिलंय. कॅन्सर वेळेत सापडला असता हो. का नाही म्हणाल्या त्या?"

"नाही म्हणाली? तिन्ही वेळा याच खुर्चीतून आणली तिला. मशीन खाली येत नाही, उभ्या राहा, म्हणाली तुमची माणसं. शेवटच्या वेळी ती म्हणाली, दोघींनी काखेत हात घालून धरा मला, पडले तर पडले. तरी परत पाठवलं."

त्याने खुर्ची दाराकडे वळवली.

"अहो काका, खुर्ची देताय ना?"

"नाही देत. आता लिहा नकार."