निकाल आपल्या बाजूने

नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून मुलगी माहेरी आली, तेव्हापासून जावई रोज संध्याकाळी समोरच्या फुटपाथवर येऊन उभा राहू लागला. "नुसतं उभं राहणं हा काही गुन्हा नाही, काका," पोलीस म्हणाले. बंदुकीचा परवाना मागितला, तर साध्या माणसाला तो देत नाहीत असं उत्तर आलं. जन्मभर ग्रंथालयात नोकरी करून कुणाला मोठ्याने 'गप्प बसा' असंही न म्हटलेला मी, थेट हायकोर्टात गेलो.

"चष्मा पुसायला तुम्हाला दोन्ही हात लागतात," बायको म्हणाली, "मग बंदूक कितव्या हाताने धरणार?"

दोन वर्षं नुसत्या तारखा पडत राहिल्या. प्रत्येक तारखेला मी मागच्या बाकावर बसून यायचो आणि परतताना वाटायचं, आपण हे बरोबर करतोय ना? घरी मुलगी विचारायची, "आज तरी?" मी नकारार्थी मान हलवायचो.

काल दुपारी वकिलांचा फोन आला. "जिंकलो, काका. घरात बंदूक ठेवणं हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे, असं कोर्टाने म्हटलंय. परवान्याची अटच रद्द." किती दिवसांनी मुलगी पोटभर जेवली.

आज सकाळी बंदुकीचं दुकान उघडायच्या आतच मी तिथे पोचलो, तर माझ्या आधी एक जण उभा होता.



जावई वळून म्हणाला, "तुमचे उपकार झाले, बाबा. मला एकट्याला ही केस झेपली नसती."