उघडं बॉनेट

गाडीला काहीही झालेलं नव्हतं, तरी व्हर्नाने ती रस्त्याच्या कडेला घेतली आणि बॉनेट उघडून ठेवलं. त्या वाळवंटात उघडं बॉनेट पाहून कुणी पुढे जात नाही. चोरसुद्धा आधी पाणी विचारतो आणि मग चोरी करतो.

वय बहात्तर. तीन दिवस एकटीच गाडी चालवत ती नेवाडातून ॲरिझोनात आली होती. मुलीला वाटत होतं, आई ग्रँड कॅन्यन बघायला निघालीय. त्या दरीचा फाटा व्हर्नाने काल मान न वळवता मागे टाकला होता. तिला फक्त एक पांढरा ट्रक बघायचा होता, दारावर निळी पवनचक्की रंगवलेला.

दोन वर्षांपूर्वी, जुलैतच, तिचा नवरा क्लेट असाच भर दुपारी अडकला होता. रेडिएटर फुटलेला, पाणी संपलेलं. दवाखान्याच्या वाटेवर त्याने प्राण सोडला. त्याआधी एवढंच बोलला, "पांढरा ट्रक. दारावर निळी पवनचक्की. बोट उचललं आणि गेला."

त्या रस्त्यांवर समोरच्याला पाहून स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतात. तोच तिथला रामराम. मरत्या माणसाला रामराम ठोकून निघून गेला मेला! व्हर्नाने ही गोष्ट पेट्रोल पंपावर, चर्चमध्ये, भेटेल त्याला सांगितली. सुरुवात ती नेहमी त्या ट्रकपासूनच करी.

सांगता सांगताच पत्ता लागला. माणसाचं नाव ऑरिन. गुरांच्या टाक्यांचे पंप दुरुस्त करतो. नेवाडा सोडून आता इकडे असतो आणि दर गुरुवारी दोनच्या सुमारास याच रस्त्याने जातो.

सीटखाली हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर होता. ऑरिन इंजिनात डोकं घालेल, तेवढ्यात आपण त्याच्या ट्रकच्या जाळीतून रेडिएटर भोसकायचा. पाण्याचे कॅन उलटे करायचे. मग बॉनेट आपटून निघायचं, आणि जाताना एक बोट उचलायचं. चाळीस मैलांत घर नाही, फोनला रेंज नाही. जशास तसं. तीन रात्री तिला याच विचाराने गाढ झोप लागली होती.

ट्रक आला. दारावर निळी पवनचक्की. व्हर्नाच्या तोंडाला कोरड पडली. भीतीने नव्हे, हावेने.

पन्नाशीचा, उन्हाने रापलेला माणूस उतरला. इंजिनाकडे न बघता त्याने ट्रकमधून आधी घडीची खुर्ची काढली, मग एक भलीमोठी छत्री, मग पाण्याचा कॅन.

"बसा, मॅडम. इंजिन कुठे पळून जात नाही. आधी पाणी प्या."

"मला नकोय पाणी. गाडी बघा."

"बघतो की. तुम्ही प्या तर खरं, मी बघतो."

ती प्यायली. पाणी गार होतं, याचाही तिला राग आला. तो एकदाचा इंजिनावर वाकला. तिने स्क्रूड्रायव्हर बाहीत सरकवला आणि उठली.

"इथं तर सगळं ठीक दिसतंय," तो वाकूनच म्हणाला. "कुणी येतंय का मागून तुमचं?"

"नवरा येतोय. अर्ध्या तासात."

तिच्या तोंडून सहज निघून गेलं. तो मात्र सरळ झाला आणि तिच्याकडे बघत राहिला.

"मग मी थांबतो," तो म्हणाला. "ते येईपर्यंत."

"गरज नाही. जा तुम्ही."

"नाही जमायचं, मॅडम. एकदा गेलो होतो मी. तिकडे नेवाडात एक म्हातारा असाच बॉनेट उघडून उभा होता. माझ्याकडे अर्धी बाटली पाणी होतं, ते दिलं. चल माझ्याबरोबर म्हटलं, तर हसला. टेकडीवर चढून बायकोला फोन केलाय म्हणाला. ती अर्ध्या तासात पोचेल, आणि मी इथं दिसलो नाही तर जीव खाईल माझा, असंही म्हणाला. मी बोट उचललं आणि निघालो. दुसऱ्या दिवशी कळलं, म्हातारा उन्हाने गेला. तेव्हापासून ही छत्री घेऊन फिरतो. कुणी कितीही सांगो, माणूस येईपर्यंत हलत नाही."

व्हर्ना खुर्चीत बसली. क्लेटच्या मुठीत एक रिकामी बाटली होती. ती त्यांच्या घरातली नव्हती, हे तिला तेव्हाच कळलं होतं. दवाखान्याच्या दारातल्या कचऱ्यात तिने ती स्वतःच्या हाताने टाकली होती, आणि मग सगळ्यांना पांढऱ्या ट्रकची गोष्ट सांगायला सुरुवात केली होती.

"एकच कोडं सुटत नाही," ऑरिन टोपीने वारा घेत म्हणाला. "त्या बाईला एवढा उशीर का झाला? वाटेत तिचीही गाडी बंद पडली असणार. बिचारी! दुसरं काय असणार?"

स्क्रूड्रायव्हर बाहीतून निसटून खडीवर पडला. त्याने तो उचलून तिच्या हातात दिला, वर तुमचाच ना म्हणून विचारलंही.

"गाडी ठणठणीत होती," व्हर्ना म्हणाली. "सकाळी भांडण झालं होतं. बसू दे म्हटलं जरा उन्हात. मी आधी जेवले. मग भांडी घासली. मग निघाले."