दुसरा ठिपका

सत्यजीत बुटांसकट घरात शिरला तो थेट आतल्या खोलीत. भर दुपारी दोनला, शिक्रापूरच्या कंपनीतून हाफ डे टाकून, इनामगावापर्यंत गाडी दामटत.

त्याची आई, तुळजाबाई, कॉटवर पडली होती. खाली चटईवर शेजारची हमीदा. दोघी धडपडून उठून बसल्या. कुणाचं तरी काही बरंवाईट झालं असणार, असंच वाटलं दोघींना.

सत्यजीतनं दाराआड पाहिलं. मोरीत डोकावला. कॉटखालीसुद्धा वाकला. मग खुर्चीत मटकन बसून हसायला लागला.

"मावशी, तुम्ही होय!"

"मग कोण असणार?" तुळजाबाईंनी विचारलं.

त्यानं मोबाइल पुढं केला. भिंतीवरची पांढरी डबी दिवाळीला गावी आला तेव्हा त्यानंच बसवली होती. कॅमेरा नाही, अंगाला काही लावायचं नाही, नुसत्या श्वासावरून खोलीत माणूस आहे हे ओळखते, असं तिचं कौतुक सांगून. स्क्रीनवर आत्ता तीन ठिपके होते, माणसागणिक एक.

"आठ दिवस बघतोय. दुपार झाली की खोलीत दोन ठिपके. म्हटलं, आईकडं कोण..." पुढचं त्यानं गिळलं.

तुळजाबाईंना उमगायला जरा वेळ लागला. उमगलं तशी शिसारी आली. नवऱ्यामागं चौदा वर्षं मान खाली घालून काढली, आणि पोटचं पोर कंपनीत बसून आपले श्वास मोजत होतं, मनात हे असलं आणून! त्यांनी पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला.

"आठ दिस तापानं फणफणलीय ती," हमीदा म्हणाली. "पयले तीन दिस तर कॉटवरनं हालली न्हाई. म्हणून येते मी."

"हो, हालचाल कमी म्हणून मेसेज यायचे," सत्यजीत म्हणाला. "वाटलं, आराम करतेय. आणि कंपनीत सुट्टी कुठं मिळते?"

"आज मिळाली," तुळजाबाई म्हणाल्या.

त्याला ते ऐकूच गेलं नाही. तो मोबाइलवर बोटं चालवत होता. "मावशी, तुमचं नाव टाकून ठेवतो ह्यात. म्हणजे पुन्हा घोळ नको."

हमीदा चटई गुंडाळू लागली. तिचा चेहरा उतरला होता.

तुळजाबाई उठल्या. उशी काखेत मारून त्यांनी हमीदाचा हात धरला.

"चल, तुझ्याकडं पडू."

"आई, अगं कुठं चाललीस? चहा तरी टाक!"

उंबऱ्यावर त्या थांबल्या, पण मागं वळल्या नाहीत.

"बघ आता मोबाइलमधी. एकच ठिपका दिसंल. कुणाचा हाय, नीट वळखून घे."